‘प्राइम’: डीजे प्रीमियर आणि रॉयस द फाइव्ह-नाइन यांचा जोडअल्बम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिप-हॉपमध्ये दोन मोठी नावं एकत्र आली की बऱ्याचदा गाण्यांपेक्षा पोस्टरच जास्त लक्षात राहतं. ‘प्राइम’चं तसं झालं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या बनावटीत आहे. त्यामुळे खालचे बरेचसे प्रश्न बनावटीबद्दलच आहेत. कोण किती थोर यात आम्ही फार शिरलेलो नाही.

हा अल्बम नेमका कोणाचा?

संगीत डीजे प्रीमियरचं, शब्द आणि आवाज रॉयस द फाइव्ह-नाइनचा. प्रीमियरचा जन्म १९६६चा, ह्यूस्टनमधला. न्यूयॉर्कच्या ‘गँग स्टार’ या जोडीतला संगीताचा अर्धा भाग त्याचा होता. दुसरा अर्धा म्हणजे रॅपर गुरू, तो एप्रिल २०१० मध्ये गेला. रॉयस १९७७चा, डेट्रॉइटचा. एमिनेमबरोबरची ‘बॅड मीट्स ईव्हिल’ ही जोडी आणि चार रॅपरांचा ‘स्लॉटरहाउस’ हा गट, या दोन ठिकाणी त्याचं नाव आधीपासून आहे. अल्बम ९ डिसेंबर २०१४ला आला. तेव्हा प्रीमियर अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि रॉयस सदतिसाचा. रॅपच्या हिशेबाने दोघेही पेन्शनीच्या रांगेतले.

नाव असं विचित्र का लिहितात?

रोमन लिपीत ते PRhyme असं लिहितात: पहिल्या दोन अक्षरांत प्रीमियर आणि रॉयस बसतात, दुसऱ्या अक्षरापासून यमकासाठीचा इंग्रजी शब्द (rhyme) सुरू होतो आणि सगळं मिळून उच्चार होतो ‘प्राइम’, म्हणजे ऐन उमेद. देवनागरीत ही गंमत उतरत नाही. अल्बम, जोडी आणि पहिलं गाणं, तिन्हींचं नाव तेच आहे, त्यामुळे शोधताना घोळ होतो.

दोघं पहिल्यांदाच एकत्र आले होते का?

नाही. रॉयसचं ‘बूम’ हे गाणं प्रीमियरनेच केलं होतं, १९९९ साली. मधल्या पंधरा वर्षांतही सुटी गाणी होत राहिली. मूळ बेत प्रीमियर आणि अख्खं स्लॉटरहाउस मिळून एक छोटी रेकॉर्ड करायचा होता. चार रॅपरांच्या तारखा जुळवण्यापेक्षा एकाच्या जुळवणं सोपं, हे वेगळं सांगायला नको. त्या बेताची आठवण म्हणून शेवटचं ‘मायक्रोफोन प्रीम’ उरलं. त्यात रॉयससोबत जोएल ऑर्टिझ, क्रुकेड आय आणि जो बडन आहेत.

‘सगळी सॅम्पल एकाच माणसाची’ म्हणजे काय?

या अल्बमचा सगळा खेळ इथे आहे. सॅम्पल म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा. प्रीमियरची नेहमीची रीत म्हणजे जुन्या जॅझ, सोल, फंकच्या शेकडो तबकड्या चाळायच्या आणि कुठल्या तरी कोपऱ्यातला दीड सेकंद काढायचा. गँग स्टारचं ‘मास अपील’ (१९९४) गिटारवादक व्हिक ज्युरिसच्या एका इवल्याशा तुकड्यावर उभं आहे. रॅपर जेरू द डमाजाच्या ‘कम क्लीन’मधला पाण्याच्या थेंबांसारखा आवाज ढोलवादक शेली मॅनच्या रेकॉर्डमधून आला. ‘प्राइम’साठी प्रीमियरने हा महासागर बाजूला ठेवला आणि एकाच विहिरीचं पाणी घेतलं. लॉस एंजेलिसचा संगीतकार एड्रियन यंग, त्याच्याच संगीतातले तुकडे, दुसऱ्या कोणाचे नाहीत.

एड्रियन यंगच का?

कारण त्याचं नवं संगीतही जुन्या तबकडीसारखं वाजतं. तो बरीच वाद्यं स्वतः वाजवतो आणि टेपवर ध्वनिमुद्रण करतो. ‘ब्लॅक डायनामाइट’ (२००९) या चित्रपटाचं संगीत, मग ‘समथिंग अबाउट एप्रिल’ (२०११), त्यानंतर रॅपर घोस्टफेस किल्लासोबतचा ‘ट्वेल्व्ह रीझन्स टू डाय’ (२०१३). त्याच वर्षी जे-झीच्या ‘पिकासो बेबी’तही त्याचा तुकडा होता. सत्तरच्या दशकाचा पोत, पण माणूस जिवंत, फोन उचलणारा, आणि परवानगी म्हणजे काय हे पक्कं समजणारा (त्याने कायद्याचं शिक्षणही घेतलं आहे). जुन्या रेकॉर्डच्या बाबतीत संगीतकाराचे वारस, बुडालेली कंपनी, ती विकत घेणारी दुसरी कंपनी असे पाच दरवाजे वाजवावे लागतात. इथे तुकड्यांमागचा संगीतकार एकच होता.

मग सगळी गाणी सारखीच नाही का वाटत?

वाटत नाहीत, आणि ती प्रीमियरची करामत आहे. आख्खी चाल उचलून गोल फिरवली असती तर तिसऱ्या गाण्यापर्यंत कंटाळा आला असता. पण त्याची पद्धत कापाकापीची. ती साधारण अशी चालते:

समजा चार आवर्तनांचा ऑर्गनचा तुकडा आहे (चार मात्रांचं एक आवर्तन, रॅपवाले त्याला ‘बार’ म्हणतात). त्यातले सगळे आघात शोधायचे: सूर कुठे सुरू होतो, ढोल कुठे पडतो. प्रत्येक आघातापाशी काप घ्यायचा. असे आठ ते सोळा काप सॅम्पलरच्या (तुकडे साठवून बोटांनी वाजवायच्या यंत्राच्या) सोळा पॅडवर मांडायचे. मग मूळ क्रम विसरून बोटांनी नवा क्रम वाजवायचा: पाचवा, पहिला, पुन्हा पहिला अर्धा, मग अकरावा. सगळे काप एकाच गटात ठेवतात. नवा पॅड दाबला की आधीचा आवाज तिथेच तुटतो. प्रीमियरच्या गाण्यांत तो जो अडखळत, झटके घेत पुढे जाणारा ठेका ऐकू येतो, त्यात या तुटण्याचा वाटा मोठा असतो.

चुका होतात त्या कापाच्या दोन टोकांना. काप उशिरा घेतला तर आघाताचा ‘ट’ जातो आणि सूर मऊ, पुळचट येतो. लवकर घेतला तर आधीच्या सुराचं शेपूट सोबत येतं आणि प्रत्येक पॅडवर नको तो सूर भुणभुणतो. लहर शून्यातून जात नसताना कापलं तर ‘टिक’ असा आवाज येतो. दोन-तीन मिलिसेकंदांचा उतार दिला की तो जातो. खोलीतला घुमारा असलेल्या रेकॉर्डमध्ये शेपूट पुरतं काढताच येत नाही. अशा वेळी तो तुकडा सोडून द्यावा.

खर्जासाठी त्याच तुकड्याची एक प्रत घेऊन १५०-२०० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळायचं आणि ती मूळ तुकड्याखाली घालायची. मूळ तुकड्यातला तेवढा भाग मात्र कमी करायला विसरू नका, नाहीतर दोन खर्ज एकमेकांना खातात.

जुन्या सॅम्पलरचा एवढा बोलबाला का? आजचा संगणक पुरत नाही का?

पुरतो. पण आवाजाचा खरखरीत पोत कुठून आला ते कळावं म्हणून थोडं गणित.

प्रीमियरचं नाव ज्या यंत्राशी जोडलं जातं ते अकाईचं एमपीसी-६०, रॉजर लिनने आखलेलं, १९८८चं. आवाज साठवायची बारकाई बारा बिट, सेकंदाला ४० हजार नमुने (४० किलोहर्ट्झ), मूळ स्मरणशक्ती १३.१ सेकंद, वाढवली तर २६.२. एवढ्यात ढोल, खर्ज, ऑर्गन सगळं बसवायचं. म्हणून लोकांनी युक्ती काढली: ३३⅓च्या वेगाची तबकडी ४५वर फिरवून सॅम्पल घ्यायचं, मग यंत्रात ते खाली ओढायचं. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५ पट. १३.१ सेकंदांत मूळ संगीताचे जवळजवळ १७.७ सेकंद मावतात. खाली ओढताना सूर सुमारे सव्वापाच अर्धस्वर उतरवावा लागतो, आणि वरची २० किलोहर्ट्झची मर्यादा (नमुन्यांच्या दराच्या निम्मी) पंधराच्या आत येते. झांजेचा चकचकीतपणा जातो, दाणा वाढतो. सुरुवात काटकसरीने झाली आणि पुढे तीच चव झाली.

संगणकात हेच करायचं तर तुकडा १.३५ पट वेगाने वाजवून बारा बिटांत उतरवा आणि परत खाली आणा. वेग कायम ठेवून सूर बदलणारं आधुनिक साधन वापरू नका. त्यात आघात पसरतात आणि सगळा मुद्दाच हुकतो.

ठेका ‘डुलतो’ म्हणजे नक्की किती?

मोजता येतो. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंद, अर्धी ३३३, पाव १६७. सरळ ठेक्यात दुसरी पाव मात्रा १६७व्या मिलिसेकंदाला पडते. यंत्रात स्विंग ५४ टक्के ठेवलं (म्हणजे दुसरी पाव मात्रा अर्ध्या मात्रेच्या ५४ टक्क्यांवर ढकलली) तर ती १८०ला पडते, म्हणजे तेरा मिलिसेकंद मागे. ६२ टक्क्यांवर २०७ला, म्हणजे चाळीस मागे. ५४वर कानाला फरक ‘कळत’ नाही, मान मात्र हलते. ६२वर लंगडणं उघड ऐकू येतं.

इथे पाहुण्या रॅपरची फसगत होते. त्याला नुसत्या टिक-टिकवर रेकॉर्ड करायला लावलं तर तो सरळ बसतो आणि ठेका डुलत राहतो. त्याला नेहमी खऱ्या ढोलावरच गाऊ द्यावं.

‘स्क्रॅचची ध्रुवपदं’ हा काय प्रकार आहे?

प्रीमियरच्या गाण्यांत ध्रुवपद बऱ्याचदा कोणी गात नाही. वेगवेगळ्या रेकॉर्डमधली रॅपरांची वाक्यं तो हाताने घासून, तोडून जोडतो आणि त्यांचं मिळून एक वाक्य होतं. आठ आवर्तनांच्या ध्रुवपदाला चार तुकडे पुरतात, प्रत्येकी दोन आवर्तनं. तुकडे निवडताना शेवटच्या अक्षराकडे बघायचं; चौथ्या तुकड्याचं यमक दुसऱ्याशी जुळलं तरच ते ध्रुवपद वाटतं.

अडचण लयीची. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर (तबकडी फिरवायच्या यंत्रावर) वेग अधिक-उणे ८ टक्के बदलतो. गाणं ९०वर असेल तर साधारण ८३.५ ते ९७.५ या लयीतलीच वाक्यं ताणून बसतात. त्याबाहेरचं घ्यायचं तर एकच शब्द घ्यावा, वाक्य नको. संगीताचे सूर मागे वाजत असलेली वाक्यंही टाळावी. नुसता आवाज असलेली आवृत्ती मिळाली तर उत्तम.

आणि हो, घासलेलं वाक्य हेही कायद्याच्या नजरेत सॅम्पलच.

पाहुणे कोण कोण आहेत?

नऊपैकी सहा गाण्यांत. ‘डॅट साउंड गुड’मध्ये अॅब-सोल आणि मॅक मिलर, ‘यू शुड नो’मध्ये गायक ड्वेले, ‘विशिन’मध्ये कॉमन, ‘टू मी, टू यू’मध्ये जे इलेक्ट्रॉनिका, ‘अंडरग्राउंड किंग्ज’मध्ये स्कूलबॉय क्यू आणि किलर माइक, आणि शेवटी स्लॉटरहाउस. ‘प्राइम’, ‘यू लूझ’ आणि ‘कर्टसी’ ही तीन रॉयस एकटा ओढतो. ‘कर्टसी’ ऐकताना त्याची तयारी कळते: मधेच यमकाची जागा ओळीच्या शेवटून पोटात सरकते आणि ठेका मात्र ढळत नाही.

पुढच्या वर्षी आलेल्या वाढीव आवृत्तीत जोई बॅडॅसबरोबरचं ‘गोल्डन एरा’ आणि ब्लॅक थॉट असलेलं ‘विशिन २’ आहे. ब्लॅक थॉटसाठी तरी ती आवृत्ती घ्यावी.

पाहुण्याचं कडवं दुसऱ्या शहरातून येतं तेव्हा काय बिघडतं?

जे बिघडतं ते बहुधा पाठवण्यातच बिघडतं. नेहमीचे अपराधी हे:

एमपी३वर रेकॉर्डिंग. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते. नेहमीच्या एन्कोडर-डीकोडरच्या जोडीत ती ११०५ नमुने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलिसेकंद. काही प्लेअर ती कापतात, काही कापत नाहीत. रॅपर त्या फाइलवर अचूक गातो, पण मूळ बीटवर (गाण्यामागच्या संगीतावर) ठेवलं की सगळं सरकलेलं. मग लोक म्हणतात, ‘लयीत कच्चा आहे.’ बिचारा कच्चा नसतो.

नमुन्यांच्या दरातली चूक. एकाकडे ४४.१, दुसऱ्याकडे ४८ किलोहर्ट्झ, आणि सॉफ्टवेअरने न बदलता फाइल घेतली, तर आवाज सुमारे ९ टक्के वेगाने पळतो आणि सूर दीड अर्धस्वर चढतो. ओळखीचा रॅपर अचानक पोरसवदा वाटायला लागला तर आधी हे तपासा.

आवाजावर आधीच चढवलेले संस्कार. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन), घुमारा, सूर-दुरुस्ती लावून पाठवलेला आवाज मिक्स करणाऱ्याच्या हाती काहीच ठेवत नाही. कोरडा आवाज मागवा. रॅपरला आपला घुमारा आवडत असेल तर तो नमुना म्हणून वेगळ्या फाइलीत.

पाठवायची रीत सोपी आहे. सगळ्या फाइली वेव्ह (एमपी३सारख्या न दाबलेल्या), २४ बिट, एकच दर. प्रत्येक फाइल गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू, आवाज दोन मिनिटांनी येत असला तरी. वरचं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास. नावात गाणं, लय आणि ट्रॅक. मुख्य आवाज, ओळीच्या शेवटच्या शब्दांवरचा दुहेरी आवाज आणि मधल्या आरोळ्या वेगवेगळ्या फाइलींत.

आणि कडवं किती आवर्तनांचं हे आधी सांगा. सोळा म्हटल्यावर वीस पाठवणारे असतात. ९०च्या लयीत सोळा आवर्तनं म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस सेकंद. तीन कडवी सोळाची, तीन ध्रुवपदं आठाची आणि चार आवर्तनांची सुरुवात धरली तर ७६ आवर्तनं, तीन मिनिटं तेवीस सेकंद. त्यात पाहुण्याने चार वाढवली की गाणं साडेतीन मिनिटांच्या पुढे जातं, आणि कापायचं कोणाचं यावरून रुसवे-फुगवे. ज्येष्ठांची कडवी कापायला कोणी धजत नाही, ही या क्षेत्रातली उघड गोष्ट आहे.

सॅम्पलची परवानगी घेतलीच पाहिजे का? दोन सेकंदांचं काय?

‘अमुक सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कुठेच नाही. ती निव्वळ अफवा.

अमेरिकेत १९९१ साली रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या निकालाने परवानगीशिवायच्या सॅम्पलचा जमाना संपवला. २००५च्या ब्रिजपोर्ट खटल्यात एन.डब्ल्यू.ए. या रॅपगटाने घेतलेला फंकाडेलिक या फंक बँडच्या गिटारचा जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा होता; ध्वनिमुद्रणाचा कितीही लहान भाग परवानगीशिवाय घेता येणार नाही, असं त्या न्यायालयाने ठरवलं. २०१६ मध्ये मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या ०.२३ सेकंदांच्या तुताऱ्यांवरून दुसऱ्या भागातल्या अपील न्यायालयाने उलट मत दिलं. म्हणजे तिथेच एकवाक्यता नाही. घोळ किती महाग पडतो याचं उदाहरण डी ला सोल हा रॅपगट: सॅम्पलांच्या जुन्या कराराच्या गुंत्यात त्यांचे सुरुवातीचे अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकले नाहीत.

परवानगी दोन लागतात: ध्वनिमुद्रणाची (बहुधा कंपनीकडून) आणि चालीची व शब्दांची (संगीतकार-गीतकार किंवा त्यांचा प्रकाशक). एकच मिळवून थांबणारे पुष्कळ असतात. तोच तुकडा स्वतः वाजवून घेतला तर पहिली लागत नाही, दुसरी लागतेच.

पैसे कसे वाटतात?

‘प्राइम’चे करार जाहीर नाहीत, म्हणून सर्वसाधारण पद्धत सांगतो. चाल-शब्दांच्या हक्कात आधी सॅम्पलवाल्याचा वाटा निघतो. उरलेल्याचे अर्धे संगीताला, अर्धे शब्दांना. समजा सॅम्पलवाल्याला २५ टक्के ठरले. उरले ७५. बीट करणाऱ्याला ३७.५. शब्दांच्या ३७.५ मध्ये दोन कडवी मुख्य रॅपरची आणि एक पाहुण्याचं, तर २५ आणि १२.५. ध्रुवपद कोणी लिहिलं असेल तर हिशेब बदलतो.

हा कागद रेकॉर्डिंगच्या दिवशीच सही करून घ्यावा: गाण्याचं नाव, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, टक्के, तारीख, सह्या. एक पान पुरतं. गाणं चालल्यावर प्रत्येकाला आपलं योगदान मोठं आठवतं.

फक्त नऊ गाणी? एवढ्या मोठ्या नावांना?

नऊ पुरेशी आहेत. सगळं मिळून साधारण पस्तीस मिनिटं. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला ३३⅓च्या वेगात अठरा-वीस मिनिटांपर्यंत आवाज भरदार राहतो. त्याहून जास्त भरलं तर खाचा जवळजवळ येतात, पातळी उतरवावी लागते आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. प्रीमियरच्या ढोलाचा खर्ज गेला तर उरलं काय?

दुसरा भाग पहिल्यासारखाच आहे का?

‘प्राइम २’ १६ मार्च २०१८ला आला. नियम तोच, विहीर नवी: या वेळी सगळं संगीत अँटमन वंडर या फिलाडेल्फियाच्या संगीतकाराचं. त्याचा बाज वाद्यवृंदाचा, यंगपेक्षा गुळगुळीत. गाणी सतरा, पाहुण्यांत रॅप्सडी, रॉक मार्सियानो, येलावुल्फ, डेव्ह ईस्ट. रॉयस इथे आतल्या गोष्टी जास्त बोलतो. आमच्या मते पाच-सहा गाणी कमी असती तर तो पहिल्याच्या तोडीचा झाला असता.

मराठीत हाच प्रयोग करायचा तर सॅम्पल कुठून आणावं?

जुन्या चित्रपटगीतांना हात लावू नका. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. १९६०च्या तबकडीचा २०२० अखेर संपला. लोक इथेच खूश होतात. पण चाल आणि शब्दांचा हक्क संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा आहे, तो बहुतेक वेळा अजून शाबूत असतो.

यंगचा धडा गिरवा. एक वादक धरा: संबळवाला, हार्मोनिअमवादक, बँजोवाला, कोणीही एकच. दोन तासांचं रेकॉर्डिंग करा, २४ बिट, जमलं तर एक माइक जवळ आणि एक दोन-अडीच मीटरवर. ‘बीटसाठी वाजवा’ असं सांगू नका. त्यांचं नेहमीचं वाजवू द्या, लय आणि पट्टी बदलत. पट्टी लिहून ठेवा, काळी एक की पांढरी चार. पेटी बरोबर ४४० हर्ट्झच्या मापात असेलच असं नाही, म्हणून ट्यूनरवर किती वर-खाली आहे तेही नोंदवा; पुढे खर्ज लावताना हा आकडा नसला तर सगळं बेसूर वाटतं आणि का ते कळत नाही. ढोलकीची शाई सुरात असते, तिच्या प्रत्येक कापाचा सूर तपासा. संबळाचा जोड मात्र तसाच खडबडीत राहू द्यावा.

मग लेखी करार. यात दोन कलमं विसरू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणं स्ट्रीमिंगवर गेलं की ते जगभर जातं, त्यामुळे दोन्ही स्पष्ट लिहा. वादकाला एकरकमी मानधन देऊन मोकळं होण्यापेक्षा चालीतला टक्का द्या. त्याने तुम्हाला कच्चा माल दिला आहे, यंगने दिला तसाच.

अल्बम ऐकायला कुठून सुरुवात करू?

आधी यंगचा ‘समथिंग अबाउट एप्रिल’ एकदा सलग ऐका. मग लगेच ‘यू लूझ’ आणि ‘कर्टसी’. कुठला तुकडा कुठून आला हे ओळखायचा प्रयत्न करा; दोन-तीन सापडतील, बाकीचे प्रीमियरने इतके बारीक चिरले आहेत की समोर असून दिसत नाहीत. त्यानंतर पहिल्या गाण्यापासून ओळीने. फोनच्या स्पीकरवर नको, खर्ज ऐकू येईल असं काहीतरी घ्या.

याच जातीचं आणखी काही?

किलर माइक आणि एल-पी यांचा ‘रन द ज्युअल्स’ (२०१३ पासून चार भाग), नास आणि डेमियन मार्ली यांचा ‘डिस्टंट रिलेटिव्ह्ज’ (२०१०), आणि स्नूप डॉग, आइस क्यूब, ई-४० व टू शॉर्ट या चौघांचा ‘माउंट वेस्टमोर’ गट (अल्बम डिसेंबर २०२२). चौघांचा तो अल्बम पार्टीत लावायला ठीक आहे.